पगाराची बेगमी

नोकरी जाते तेव्हा पगार एका तारखेला थांबतो. घरखर्च त्या तारखेला थांबत नाही. गृहकर्जाचा हप्ता, शाळेची फी, दुधाचे बिल, सोसायटीचा मेंटेनन्स आणि गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे आपापल्या तारखेला येतच राहतात. हा खर्च पगाराविना किती महिने भागवता येतो, यावर त्या घराचे पुढचे सगळे ठरते. त्यामुळे बेकारीला तोंड देण्याची घराची ताकद रुपयांपेक्षा महिन्यांत मोजणे जास्त उपयोगाचे.

ही मोजणी मराठी घराला नवी नाही. कोकणात आगोटीला तांदूळ, सुकी मासळी, मीठमसाला आणि जळाऊ लाकूड चार महिन्यांपुरते भरून ठेवत. देशावर ज्वारी पेवात किंवा कणगीत जाई आणि तिला पुढच्या सुगीपर्यंत पुरवायचे असे. याला बेगमी म्हणत. महिन्याच्या महिन्याला पगार येऊ लागला, कोपऱ्यावर किराणा दुकान आले आणि बेगमीची गरज संपली असे वाटू लागले. पावसाळ्याची तारीख ठाऊक असते, नोकरी जाण्याची नसते. एवढ्याच कारणाने पगारदार घराला बेगमी वर्षभर भरलेली ठेवावी लागते.

गिरणगावात काय घडले

पगार दीर्घकाळ थांबला की घरांचे काय होते, याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा अनुभव मुंबईच्या गिरणगावाचा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप औपचारिकपणे मागे घेतला गेलाच नाही. वर्ष उलटले, काही गिरण्या उघडल्या, काही कायमच्या बंद पडल्या, आणि असंख्य कामगारांना पुन्हा पाळी मिळाली नाही.

सुरुवातीला अनेक कामगार कोकणात, साताऱ्याकडे, देशावर आपापल्या गावी गेले. गावातली शेती आणि घर हा त्यांचा विमा होता. पण कोकणातल्या वाटणी होत गेलेल्या तुकड्यांचा भात वर्षभर पुरणारा नव्हता, आणि ही गावे स्वतःच मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालत होती. चाकरमानी घरी परतला तेव्हा खाणारे तोंड वाढले आणि त्याच वेळी मनिऑर्डरही बंद झाली.

दुसरा अनुभव खाणावळींचा. गिरणगावात कुटुंबाविना राहणाऱ्या कामगारांना डबा देणाऱ्या बायका हजारोंनी होत्या. त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. नवऱ्याच्या पगाराला खाणावळीची जोड असलेले घर वरकरणी दोन पायांवर उभे होते. प्रत्यक्षात दोन्ही मिळकती एकाच गिरणीच्या भोंग्यावर अवलंबून होत्या. संपात नवऱ्याचा पगार थांबला आणि जेवणारे गिऱ्हाईकही गावी गेले. घरात किती जण कमावतात याइतकेच ती कमाई किती वेगवेगळ्या ठिकाणांहून येते हेही महत्त्वाचे असते. पती-पत्नी दोघेही हिंजवडीत, एकाच प्रकारच्या कंपन्यांत, परदेशातल्या एकाच बाजारासाठी काम करत असतील, तर त्यांची स्थितीही खाणावळवालीपेक्षा फार निराळी नसते.

महिन्यांचा हिशेब

बेगमीची पहिली पायरी म्हणजे घर पगाराविना किती महिने चालेल हे काढणे. त्यासाठी सध्याचा खर्च आणि नोकरी गेल्यानंतरचा खर्च वेगवेगळा मांडावा लागतो.

उदाहरणादाखल चिंचवडमधले चौघांचे एक घर धरले आणि हातात येणारा पगार दरमहा ८०,००० रुपये मानला, तर खर्च साधारण असा दिसेल : गृहकर्जाचा हप्ता २६,०००, किराणा, भाजी, दूध १४,०००, शाळा आणि शिकवणी ९,०००, वीज, गॅस, मोबाइल, मेंटेनन्स ६,०००, पेट्रोल आणि प्रवास ४,५००, विम्याचे हप्ते ३,५००, गावी आईवडिलांना ४,०००, बाहेरचे खाणे, कपडे, करमणूक ७,०००, आणि बचत ६,०००.

पगार थांबला की बचत थांबते. बाहेरचे खाणे आणि खरेदी बंद करता येते. ऑफिसला जाणे नसल्याने प्रवासाचे ३,००० वाचतात. एखादी शिकवणी सोडून २,००० आणि किराण्यात हात आखडून आणखी २,००० वाचवता येतात. एकूण २०,००० झाले. पण कंपनीचा आरोग्य विमाही नोकरीबरोबर संपतो. घरच्यांसाठी स्वतंत्र विमा घ्यायचा तर दरमहा २,००० रुपयांची भर पडते. खर्च ६२,००० वर येऊन थांबतो. पगार शंभर टक्के जातो आणि खर्च जेमतेम बावीस-तेवीस टक्के कमी होतो.

या घराकडे ३ लाख रुपये असतील तर ते पाच महिनेही पुरत नाहीत. गृहकर्ज नसते तर तेच ३ लाख आठ महिन्यांहून जास्त पुरले असते. काटकसर म्हटले की चर्चा चहा, सिनेमा आणि हॉटेलाभोवती फिरते. घर किती तग धरते हे मात्र बहुतेक वेळा हप्ता, भाडे आणि फी या कमी न होणाऱ्या खर्चांवर ठरते. हे खर्च नोकरी असताना, नवे घर किंवा मोठी गाडी घेण्याचा निर्णय होतो त्या दिवशीच पक्के होतात. म्हणून कर्ज घेताना ‘पगारात हप्ता बसतो का’ याबरोबर ‘पगाराविना हा हप्ता किती महिने भरता येईल’ हाही प्रश्न विचारावा लागतो.

सहा महिन्यांचा खर्च हे बेगमीचे सर्वसाधारण माप मानले जाते. वरच्या घरासाठी ते ३ लाख ७२ हजार होते. दोघांच्या मिळकती वेगवेगळ्या क्षेत्रांतून येत असतील तर चार महिने चालू शकतात. एकटाच कमावता, वय पंचेचाळिशीच्या पुढे, आणि काम अगदी विशिष्ट स्वरूपाचे असेल तर नवी नोकरी मिळायला वेळ लागतो. तिथे नऊ ते बारा महिने धरणे शहाणपणाचे.

बेगमीचा पैसा कुठे ठेवावा

हा पैसा वाढवण्यासाठी नसतो, हाताशी असण्यासाठी असतो. शेअर बाजारातला पैसा यासाठी चालत नाही, कारण नोकऱ्या आणि शेअरचे भाव अनेकदा एकाच वेळी पडतात. जमीन आणि फ्लॅट घाईत विकले की भाव मिळत नाही. बचत खाते, छोट्या रकमांच्या अनेक मुदत ठेवी आणि लिक्विड फंड ही साधी ठिकाणे पुरतात. एकच मोठी ठेव करण्यापेक्षा पन्नास-पन्नास हजारांच्या सहा ठेवी केल्या तर गरजेपुरती एकच मोडता येते.

बँकेच्या निवडीला महाराष्ट्रात विशेष अर्थ आहे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली, पण अनेकांची बेगमी ऐन गरजेच्या काळात अडकून पडली. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये झाली. एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या सर्व शाखांमधल्या ठेवी आणि त्यांवरचे व्याज मिळून ही मर्यादा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली. नागरी सहकारी बँका या विम्याच्या कक्षेत येतात. सहकारी पतसंस्था येत नाहीत. पाटीवर सहकारी हा शब्द दोन्हीकडे असल्याने हा फरक अनेक ठेवीदारांच्या लक्षात राहत नाही. पतसंस्थेचा एखाद-दुसरा टक्का जास्त व्याजदर बेगमीच्या पैशासाठी घेण्यासारखा नसतो.

पैसा निदान दोन बँकांत असावा. ज्या बँकेचे कर्ज आहे त्याच बँकेत सगळी ठेव नसावी, कारण थकलेल्या कर्जापोटी ठेव वळती करून घेण्याचा हक्क बँकेला असतो. आणि खाते पती-पत्नीच्या संयुक्त नावावर, दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल असे असावे.

सोने हा मराठी घराचा जुना राखीव साठा. दागिना मोडला तर घडणावळ बुडते. गहाण ठेवला तर परत मिळण्याची वाट उरते. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के कर्ज देता येते. पण बेकारीत घेतलेले सोनेतारण कर्जही कर्जच. ते फेडायला पगार सुरू व्हावा लागतो, नाहीतर दागिन्याचा लिलाव होतो. म्हणून त्याचा क्रम ठेवी संपत आल्यानंतरचा, पण क्रेडिट कार्ड आणि मोबाइल अ‍ॅपवरच्या कर्जाच्या आधीचा. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला तीन ते चार टक्के, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. ‘किमान देय रक्कम’ भरत राहणाऱ्याचे मुद्दल जवळजवळ तसेच राहते.

कर्ज, हप्ता आणि जामीन

गृहकर्जाचा हप्ता चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी घर जात नाही. हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस निघते, मग ताबा घेण्याची प्रक्रिया होते, आणि विक्रीआधी पुन्हा ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. फक्त या मुदती मोजल्या तरी सहा महिने होतात. पत मात्र पहिल्याच थकलेल्या हप्त्यापासून घसरू लागते.

बँकेकडे जाण्याची योग्य वेळ म्हणूनच पहिला हप्ता चुकण्याआधीची. मुदत वाढवून हप्ता कमी करणे किंवा काही महिने फक्त व्याज भरणे, असे मार्ग बँक स्वतःच्या अखत्यारीत देऊ शकते. खाते नियमित असताना ही विनंती ऐकली जाण्याची शक्यता जास्त असते.

हप्त्याला मिळालेली स्थगिती म्हणजे माफी असा समज २०२० मध्ये पसरला होता. टाळेबंदीनंतर रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळातले हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. व्याज मात्र चालूच राहिले. ३० लाखांच्या, साडेआठ टक्के दराच्या, वीस वर्षांच्या नव्या कर्जाचा हप्ता सुमारे २६,००० रुपये असतो आणि पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० रुपये व्याजाचे असतात. असे सहा हप्ते थांबवले तर कर्जात सुमारे १ लाख ३० हजारांची भर पडते. स्थगिती घ्यावी लागली तर घ्यावी, पण तिची ही किंमत माहीत असावी.

जामिनाचा विषय कारखान्यांतल्या आणि कार्यालयांतल्या कर्मचारी पतसंस्थांमुळे महत्त्वाचा ठरतो. तिथे कर्ज झटपट मिळते, हप्ता पगारातून कापला जातो आणि जामीनदार म्हणून शेजारच्या टेबलावरचा सहकारी सही करतो. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. एकाच विभागातल्या दोघांची नोकरी एकदम गेली की दोघांच्याही डोक्यावर स्वतःचे आणि दुसऱ्याचे अशी दोन कर्जे येतात. बेगमी करणाऱ्याने आपण कोणाकोणाला जामीन आहोत याची यादी आपल्या कर्जांच्या यादीशेजारीच ठेवायची असते.

आजारपणाची बाजू

नोकरीबरोबर कंपनीचा सामूहिक आरोग्य विमाही संपतो. आधीपासून असलेल्या आजारांसाठी नव्या वैयक्तिक पॉलिसीत जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या पंचेचाळिशीतल्या माणसाने नोकरी गेल्यावर पॉलिसी शोधायला घेणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खोदणे. स्वतःची लहानशी पॉलिसी नोकरी असतानाच सुरू केली तर हा काळ पगार चालू असताना सरतो. ते राहून गेले असेल, तर सामूहिक पॉलिसी संपण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा मार्ग विचारून घ्यावा.

भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेला, कमाल ७ लाख रुपयांचा आयुर्विमाही नोकरीबरोबरच थांबतो. म्हणून नोकरीशी संबंध नसलेला मुदतीचा विमा स्वतंत्र असावा लागतो, आणि पैसे वाचवण्यासाठी सर्वांत शेवटी हात लावायचा तो याच हप्त्याला. बचतीच्या आयुर्विम्याचा हप्ता झेपत नसेल तर पॉलिसी घाईने मोडण्याआधी तिच्यावर कर्ज मिळते का हे पाहता येते. बंद पडलेली पॉलिसी साधारणपणे पाच वर्षांत पुन्हा सुरू करण्याचीही सोय असते.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे कवच आता राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांपर्यंत पोचले आहे. अंगीकृत रुग्णालयांत ठरलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत लाभ मिळतो. वर्षाला १ लाख किंवा त्याहून जास्त उत्पन्न असलेल्यांची पांढरी शिधापत्रिका अनेक घरांत वर्षानुवर्षे कपाटात पडून असते. तिच्यावर सुनेचे, नव्या मुलाचे नाव चढले आहे का हे पाहण्याचे काम दवाखान्याच्या दारात करायचे नसते.

राजीनामा आणि कपात

माणसे कमी करताना पुष्कळदा ‘तुम्हीच राजीनामा द्या, म्हणजे पुढे अडचण येणार नाही’ असे सांगितले जाते. राजीनामा आणि कपात या दोन शब्दांत पैशांचा मोठा फरक आहे.

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ आणि आता त्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली औद्योगिक संबंध संहिता, या दोन्हींमध्ये वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला कपातीपूर्वी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. नव्या संहितेनुसार कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचे आणि ते कामगाराच्या खात्यात जमा व्हायचे असते. ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागते. जुन्या कायद्यात ही संख्या १०० होती. कायद्याच्या दृष्टीने कोण कामगार आणि कोण व्यवस्थापक हे पदनामावर ठरत नाही, प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपावर ठरते. कार्डावर मॅनेजर छापले असले तरी हाताखाली कोणी नाही आणि निर्णयाचा अधिकार नाही, अशा माणसाने आपण कायद्यात बसत नाही असे स्वतःच ठरवून टाकू नये. राजीनामा लिहून दिला की कपातीची भरपाई मागण्याचा आधार दुबळा होतो. म्हणून सही करण्याआधी मजकूर घरी नेऊन वाचणे, कामगार कायद्याच्या वकिलाला किंवा संघटनेला दाखवणे, आणि ‘आजच सही हवी’ या दडपणाला नम्रपणे नकार देणे गरजेचे असते.

उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, राजीनामा दिला तरी मिळते. साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा हवी. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्यांना नव्या संहितेने एका वर्षानंतर प्रमाणशीर हक्क दिला आहे. शेवटच्या वेतनाला १५ ने गुणून २६ ने भागायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. वेतन ४०,००० आणि सेवा नऊ वर्षे असेल तर रक्कम २ लाख ७ हजार ६९२ रुपये होते. ती ३० दिवसांत मिळायला हवी. वेतन संहितेनुसार नोकरी संपल्यावर बाकी पगाराचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत व्हायला हवा.

भविष्यनिर्वाह निधीचे पैसे काढण्याचे नियम बदलत आहेत. आधी एक महिन्याच्या बेकारीनंतर ७५ टक्के आणि दोन महिन्यांनंतर सगळी रक्कम काढता येत असे. १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत केंद्रीय विश्वस्त मंडळाने किमान २५ टक्के शिल्लक ठेवण्याचे आणि पूर्ण रकमेसाठी बारा महिने थांबण्याचे ठरवले. त्यामुळे या निधीला बेगमीचा पहिला डबा समजणे धोक्याचे. तो म्हातारपणाचा डबा आहे. तरीही त्याची कागदपत्रे व्यवस्थित हवीत. आधार, पॅन आणि बँक खात्यावरच्या नावांत एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज अडतो, आणि दुरुस्तीसाठी ज्या कंपनीकडे जावे लागते ती तोवर बंद झालेली असू शकते. नोकरी चालू असताना वर्षातून एकदा हे सगळे तपासणे, पगारपत्रके, नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रे आणि कामाच्या मूल्यांकनाच्या प्रती घरच्या ईमेलवर किंवा कागदावर ठेवणे, हाही बेगमीचाच भाग. नोकरी गेली की ऑफिसचा ईमेल बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी बंद होतो.

सरकारी आधार किती

भारतात पगारदारांसाठी सरसकट बेकारी भत्ता नाही. जो आहे तो राज्य कामगार विमा योजनेतल्या कामगारांपुरता, म्हणजे सध्या महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांपुरता. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. तिच्यात आधी सरासरी वेतनाच्या २५ टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळे. २०२० मध्ये ती ५० टक्के करण्यात आली. लाभ आयुष्यात एकदाच मिळतो, आणि गैरवर्तनामुळे काढलेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला मिळत नाही. कारखाना बंद पडल्यास राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना वेगळी आहे.

महाराष्ट्राने बेकारीविरुद्ध देशातला पहिला कायदेशीर हक्क दिला, पण तो ग्रामीण भागाला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सांगली जिल्ह्यातल्या विसापूर परिसरात सुरू झालेला प्रयोग १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरला आणि १९७७ च्या रोजगार हमी कायद्यापर्यंत पोचला. त्याच्या खर्चासाठी १९७५ मध्ये शहरी नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात ते या कराचे. गावातल्या माणसाच्या रोजगारासाठी पन्नास वर्षांपूर्वी वर्गणी देऊ लागलेल्या शहरी पगारदाराला स्वतःची नोकरी गेल्यावर अशी कोणतीही हमी नाही. त्याच्या घराची बेगमी घरालाच करावी लागते.

घरातली माणसे

हिशेब आणि कागद नीट असूनही घर कोसळते ते लपवाछपवीमुळे. नोकरी गेल्याचे न सांगता रोज डबा घेऊन बाहेर पडणारी माणसे प्रत्येक शहरात आहेत. अशा घरात खर्च ८०,००० च्या चालीनेच चालत राहतो आणि ६२,००० वर यायला दोन-तीन महिने उशीर होतो; ३ लाखांच्या बेगमीतला अर्धा ते पाऊण महिना त्यातच संपतो. बातमी आठवड्याच्या आत जोडीदाराला, महिन्याच्या आत आईवडिलांना आणि समजत्या वयाच्या मुलांना कळलेली बरी. मुलांना रकमा सांगण्याची गरज नसते. शाळा बदलणार नाही, सहल यंदा नाही, एवढे स्पष्ट सांगितले तरी पुरते.

पैशांचे व्यवहार घरात एकालाच माहीत असणे ही दुसरी अडचण. कोणत्या बँकेत काय आहे, हप्ता कोणत्या तारखेला जातो, पॉलिसीचे कागद कुठे आहेत, हे दोघांनाही माहीत हवे. घरातल्या बाईची भिशी, बचत गटातले पैसे आणि डब्यातली शिल्लक पुष्कळदा हिशेबात धरलीच जात नाही. अडचणीत पहिल्यांदा उपयोगी पडते ती तीच. पण नवऱ्याची नोकरी गेली म्हणून बायकोने घाईने दुसरी नोकरी धरायची आणि घरकामही तिनेच करायचे, ही वाटणी फार दिवस टिकत नाही. दिवसा घरी असणाऱ्याने स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि आईवडिलांचा दवाखाना अंगावर घेतला तर पाळणाघर आणि शिकवणीचा खर्च खरोखर वाचतो.

गावाकडे परतण्याचा विचारही आधीच तपासून ठेवण्याजोगा. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली आहे का, घराचा कोणता भाग कोणाचा, मुलांच्या शाळेची सोय काय, आणि तिथे मिळकत कोणती, ही चार उत्तरे नसतील तर गाव आठवड्याच्या विसाव्यापुरते राहते. भाऊबंदांशी वाटणीचा विषय बेकार अवस्थेत काढला की तो हक्कापेक्षा गरजेचा दिसतो आणि बोलणी बिघडतात.

पहिले शंभर दिवस

नोकरी गेल्यानंतरची कामे क्रमाने केली तर कमी चुकतात. पहिल्या आठवड्यात कंपनीकडून कार्यमुक्तीचे पत्र, अनुभवाचा दाखला, हिशेबाचा तक्ता आणि आयकराचा फॉर्म १६ मागून घ्यावा, आरोग्य विमा कोणत्या तारखेपर्यंत आहे ते लेखी विचारावे आणि घरखर्च कमी केलेल्या अंदाजपत्रकावर आणावा. हिशेबाची एकरकमी रक्कम हातात आली की ती मोठी वाटते. तिने कर्ज फेडून टाकण्याची घाई करू नये. बँकेला मुदतीआधी भरलेले पैसे गरज लागल्यावर सहज परत मिळत नाहीत, आणि बेकार माणसाला नवे कर्ज मिळणे कठीण असते. हातातली रक्कम बेगमीत टाकून महिन्याला ठरलेले ६२,००० स्वतःच्याच खात्यात पगारासारखे वळते केल्यास खर्चाला शिस्त राहते.

पहिल्या महिन्यात जुने सहकारी, पूर्वीचे वरिष्ठ, पुरवठादार आणि ग्राहक यांना स्वतः फोन करावेत. भविष्यनिर्वाह निधी आणि इतर हक्कांचे अर्ज याच महिन्यात जावेत. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी बेगमी अर्धी संपलेली असते. तोवर नोकरी नसेल तर कमी पगाराचे, कंत्राटी किंवा दुसऱ्या शहरातले काम घ्यायचे का, याचा निर्णय तिथे करावा. पैसे संपल्यावर हाच निर्णय घ्यावा लागला तर निवड उरत नाही. दरमहा ३०,००० चे तात्पुरते काम ६२,००० चा खर्च भागवत नाही, पण उरलेले तीन महिने जवळजवळ सहा करते.

दिवाळीचा हिशेब

बेगमी भरायला सर्वांत सोपा महिना दिवाळीचा, कारण या महिन्यात ठरलेल्या पगाराबाहेरचे पैसे घरात येतात. वरच्या उदाहरणातल्या घराची दरमहा बचत ६,००० आहे. फक्त तेवढ्यावर ३ लाख ७२ हजार जमायला ६२ महिने, म्हणजे पाच वर्षांहून जास्त काळ लागतो. त्यात दर दिवाळीला बोनसचे ४०,००० रुपये न मोडता टाकले आणि सुरुवात यंदाच्या बोनसपासून केली, तर व्याज न धरताही पुढच्या तिसऱ्या दिवाळीला ही रक्कम ३ लाख ७६ हजार होते. सहा महिन्यांची बेगमी त्या दिवशी पूर्ण होते.